स्मार्ट मीटर बसवताना प्रत्येक घराची विद्युत सुरक्षा तपासा

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी नाशिकमधला परवानाधारक वायरमन. पंचवटी, जुने नाशिक, सातपूर या भागांत घरगुती वायरिंगची कामे करतो. माझी मुख्य मागणी ही आहे. राज्यातल्या प्रत्येक घरगुती जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, सक्तीचा करा. जुन्या घरांना त्यातून वगळू नका, कारण खरी गरज त्यांनाच आहे.

बोर्डात एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही, असे बहुतेक लोक धरून चालतात. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टला त्याच्यातून साधारण 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. एवढ्याने माणूस दगावू शकतो. पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी हा एखाद्या बल्बएवढा लोड. तो पडणार नाही, म्हणजे पुरवठा तोडणार नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलवरून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. झटका बसतो, पण जीव वाचतो. फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी हाताला लागले तर मात्र त्याचा उपयोग होत नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगायला हवे.

अर्थिंग चांगले असले की काम भागते, असे आपले अधिकारी म्हणतील. अर्थिंग हवेच. पण अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर फेज फ्रिजच्या बॉडीला लागल्यावर साडेअकरा अँपिअरच वाहतात. एमसीबी जागचा हलत नाही आणि बॉडी जिवंत राहते. नाशिकची जमीन काळ्या पाषाणाची. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा रोध आणखी वाढतो. नेमके तेव्हाच घरोघरी पत्र्याचे कूलर पाणी भरून सुरू असतात.

जुन्या वाड्यांत अर्थचा खड्डा घ्यायला जागाच नाही. तिथे थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला लूप मारलेला, म्हणजे अर्थच्या पिनेला न्यूट्रलचीच तार जोडलेली, मला वारंवार सापडतो. वर कुठे न्यूट्रल सुटला, तर त्या सॉकेटवरच्या गिझरची किंवा वॉशिंग मशीनची बॉडी थेट 230 व्होल्टवर येते. हे साध्या टेस्टरने कळत नाही. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर लूप मारलेल्या बोर्डावरही तो लख्ख पेटतो, त्यामुळे घरमालकाला सगळे ठीक वाटते. अशा घरांत, अर्थिंग नसतानाही, माणसाला वाचवणारे उपकरण आरसीसीबीच आहे.

मग तो बसवत का नाहीत? किंमत दोन हजारांच्या आसपास, हे एक कारण. दुसरे आमच्या धंद्यातले आहे. दोन बिऱ्हाडांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो. एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या तारेतून परततो आणि आरसीसीबी सारखा पडतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, वायरचे इन्सुलेशन जुने असले, तरी पडतो. ग्राहक वैतागतो, आणि मग कोणीतरी येऊन तो बायपास करून जातो. पडणारा आरसीसीबी दोष दाखवत असतो. तो दोष मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, शोधायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. सक्ती करताना या कामाचा मोबदला धरला नाही, तर आरसीसीबी बसतील आणि वर्षभरात बायपासही होतील.

सध्या घरोघरी जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. म्हणजे प्रत्येक मीटर बोर्डासमोर एक तंत्रज्ञ उभा राहणारच आहे. त्याच भेटीत आरसीसीबी आहे का, टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, अर्थिंग आहे की न्यूट्रलचा लूप, एवढे पाहून ग्राहकाला मराठीत लेखी द्यावे. कमी वीज वापरणाऱ्या घरांना आरसीसीबी सवलतीत द्या आणि त्याचे पैसे बिलातून हप्त्याने घ्या. तो मीटरनंतर एका डबीत बसतो, भिंत फोडावी लागत नाही. म्हणून भाडेकरूला त्यासाठी मालकाच्या संमतीची अट नसावी. वाड्यांतली कितीतरी बिऱ्हाडे याच संमतीपायी अडकून पडली आहेत.

सिंहस्थ तोंडावर आहे. तपोवनात साधुग्राम उभे राहील. मंडप, पत्र्याच्या शेड, ओली जमीन आणि अनवाणी माणसे. तिथल्या प्रत्येक तात्पुरत्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मेगरची नोंद असल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये, असा आदेश मंडप उभे राहण्याआधीच निघावा. मेगर घेऊन तपासणीला उभे राहायला सातपूरच्या आयटीआयमधली वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाची मुले आहेत. परवानाधारक पर्यवेक्षकाच्या हाताखाली, रीतसर विद्यावेतनावर त्यांना घ्यावे.

कळावे,

आपला,
पंचवटीतील एक परवानाधारक वायरमन