मुकादम, पाणी कुठं जातं ते तुम्ही विचारलंत

मुकादम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हुद्द्यानंच हाक मारते. तुम्ही आमच्या गल्लीचा रस्ता दुरुस्त करून गेलात, आणि काल रात्री पाऊस झाला. उजाडायच्या आत मी बॅटरी घेऊन ओढ्यावर गेले, आपल्या गल्लीचा पाइप जिथं उघडतो तिथं. पाणी गढूळ होतं, पण पावसाचं असतं तेवढंच. तेलाचा रंगीत तवंग नव्हता, दुधासारखा पांढरेपणा नव्हता. खात्री पटेना म्हणून दोनदा बॅटरी मारून पाहिलं. घरी आले ती तशीच लिहायला बसले. दुपारपर्यंत थांबले असते तर चार शहाणी वाक्यं लिहून मोकळी झाले असते.

मागच्या खेपेची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली. तेव्हाही हीच कामं होती, रस्त्यावरचे खड्डे आणि चेंबरच्या कडेचं काँक्रीट. संध्याकाळी काम आवरलं, पोरांनी काँक्रीटचा मिक्सर गटाराच्या जाळीच्या तोंडाशी आणला आणि फिरवत फिरवत धुतला. राखाडी पाणी जाळीतून खाली गेलं. दहा मिनिटांत रस्ता लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. बोटाएवढे. चाळीसपर्यंत मोजले, पुढं मोजवेना.

सिमेंटच्या पाण्यात चुना असतो हे आपल्याला हाताला भेगा पडल्या की कळतं. माशांना ते कल्ल्यांत कळतं. साध्या पाण्याचा सामू, म्हणजे पाणी किती आंबट की खारं हे सांगणारा pH चा आकडा, सातच्या आसपास, मिक्सर धुतलेल्या पाण्याचा बारा, कधी त्याहून वर. ऐकायला पाचच आकड्यांचा फरक. पण या मोजपट्टीत दर आकडा म्हणजे दहापट, म्हणजे पाच आकडे म्हणजे लाखपट. हे मला तक्रार लिहिताना समजलं. तक्रार लिहिली नसती तर मीही म्हणाले असते, जरासं सिमेंटचं पाणी, त्यात काय एवढं.

ती तक्रार घेऊन गेले. पहिल्या टेबलावर सांगितलं, "काकू, सगळं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं." अहो, नाही जात. मोरी-संडासाचं पाणी जातं, त्याची वाहिनी वेगळी. पावसाळी गटार आपल्याकडं थेट ओढ्यात उघडतं, मध्ये ना चाळण ना टाकी. हे मी त्यांना सांगायचं! दुसऱ्या टेबलावर निदान झालं की मासे उन्हानं मेले असतील. तिसऱ्या टेबलामागचे साहेब हसले. म्हणाले, "प्रदूषण कारखान्यांचं असतं. रस्तादुरुस्तीनं कसलं आलंय प्रदूषण?"

मी हट्टी बाई. शोधून काढलं. अमेरिकेत १९८७ साली पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती करून पावसाळी गटारांचं पाणीही त्यात आणलं. १९९० साली मोठ्या शहरांना नियम लागले, १९९९ साली लहानांना. त्या दुसऱ्या नियमांत सहा गोष्टी बंधनकारक आहेत आणि त्यांतली एक फक्त याच्यासाठी, की स्थानिक संस्थेनं आपल्याच देखभालीच्या कामांतून होणारी घाण गटारात जाऊ द्यायची नाही. कागदावर छापून साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला.

आणि गाळ. दर वर्षी गटारातला गाळ उपसायचा, जाळीच्या कडेलाच ढीग घालायचा, "सुकला की नेतो" म्हणायचं. ढीग सुकायच्या आधी पाऊस येतो आणि गाळ होता तिथं परत जातो. त्या उपशाचे पैसे मात्र परत आलेले मी कधी ऐकले नाहीत. असो. हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी फाटकात उभी होते ती भांडायच्या तयारीनंच. पहिलं वाक्य जिभेवर होतं. तुम्ही टेम्पोतून उतरलात, पोरांना सामान उतरवायला सांगितलं नाहीत, जाळीपाशी जाऊन उकिडवे बसलात. मान वळवून मला विचारलंत, "काकू, हे पाणी कुठं जातं?"

बस. एवढंच. माझं वाक्य जिभेवरच राहिलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तरं सगळ्यांकडं तयार असायची, आणि चुकीची असायची. मी म्हटलं, ओढ्यात. तुम्ही म्हणालात, "चला, दाखवा." काम खोळंबलेलं, पोरं तोंडाकडं बघतायत, आणि तुम्ही माझ्या चालीनं, म्हणजे कासवाच्या, गल्लीच्या टोकापर्यंत आलात. पाइपाच्या तोंडाशी खाली उतरलात, पाय घसरता घसरता वाचला तुमचा. ओंजळीत पाणी घेऊन वास घेतलात. मला वाटलं आता काही बोलाल. तुम्ही "बरं" म्हणालात आणि वर आलात.

त्या "बरं"नंतर जे झालं ते मी फाटकातून दिवसभर पाहिलं. घरातली कामं तशीच पडली होती, तेही सांगून टाकते. जाळीभोवती तुम्ही खडी भरलेली गोणपाटं लावलीत. मला वाटलं होतं जाळी बंदच कराल. पोरगाही तेच म्हणत होता. तुम्ही त्याला समजावलंत की बंद केली तर पाऊस आल्यावर रस्त्यावर तळं होईल. पाणी गोणपाटातून झिरपू दे, माती बाहेर राहू दे. त्याला ओरडला नाहीत. मिक्सरसाठी कडेला खड्डा घेऊन त्यात ताडपत्री अंथरलीत, धुतलेलं पाणी त्यात. रोलरखाली डिझेल सांडलं तेव्हा एक जण सवयीनं पाइपाकडं धावला. तुम्ही हातानंच थांबवलंत. वर भुसा टाकला, भुशानं डिझेल पिऊन घेतलं, तो झाडून गोणीत भरला आणि गोणी टेम्पोत. एक थेंब पाणी लागलं नाही. पाण्यानं धुतलं की रस्ता साफ दिसतो आणि ओढ्याला डिझेल मिळतं, हे त्या पोराला आता जन्मभर लक्षात राहील. मलाही.

दुपारी तीनला आभाळ भरून आलं. तुमचा फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा की मला फाटकात ऐकू येत होता: आजच उरका, उद्या गाडी दुसरीकडं लावायचीय. खड्ड्यांवर डांबराचा पातळ थर मारायचा राहिला होता. हा थर मारताना तपकिरी असतो आणि धरला की काळा पडतो, हे मला त्याच दिवशी तुमच्याकडून कळलं. तपकिरी असताना पाऊस आला तर सगळा वाहून जाळीत. तुम्ही आभाळाकडं पाहिलंत आणि फोनवर म्हणालात, "उद्या." पुन्हा आवाज चढला. तुम्ही पुन्हा "उद्या". तुमच्या नोकरीचं काय स्वरूप आहे मला ठाऊक नाही, कायम आहात की कंत्राटावर तेही नाही. त्या दोन "उद्यां"ची किंमत तुम्हाला मोजावी लागली असेल तर मला कळवा. मी हट्टी बाई आहे हे वर लिहिलंच आहे. त्या तिन्ही टेबलांवर मी पुन्हा जाऊन बसेन.

त्या दुपारी तो पाऊस काही आलाच नाही. पोरं हसली. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी थर मारलात, तो काळा पडेस्तोवर थांबलात. मग गोणपाटं उचललीत. हे मला फार मोठं वाटलं. एरवी अशी गोणपाटं तिथंच कुजतात, फाटतात आणि अडवलेली माती आतल्या खडीसकट गटारात जाते. तुम्ही अडलेली माती घमेल्यानं भरून टेम्पोत टाकलीत. खड्ड्यातलं काँक्रीट घट्ट झालं होतं, ते फोडून नेलंत. मग ताडपत्रीची घडी.

चांगली माणसं कशी ओळखावीत यावर मी पूर्वी फार बोलायचे. नातवंडं कंटाळायची. आता मला वाटतं, आपल्या हातून सुटलेलं पाणी खाली कुणाच्या दारात जातं एवढं ज्याला विचारावंसं वाटतं, त्याच्याशी बाकी कशावरही मतभेद असले तरी चालतील. माझे आमच्या शेजाऱ्यांशी ओट्यावरून, झाडावरून, गाडी लावण्यावरून मतभेद आहेत. पण परवा त्यांनी गाडी धुवायला काढली आणि जाळीकडं बघून पुन्हा मातीच्या जागेत नेऊन धुतली. मी काही बोलले नव्हते. तेही तुम्हाला पाहत होते बहुतेक.

मासे परत आलेत असं लिहायचा मोह झाला होता. आलेले नाहीत, निदान मला दिसले नाहीत. काठाच्या गवतात बेडूक ओरडत होता एक.

जाताना तुमचा खराटा आमच्या फाटकाला टेकून राहिला. जाळीवरची पानं मी त्यानंच काढते रोज सकाळी. हवा असेल तर घेऊन जा, नाही तर राहू दे इथंच, पावसाळा संपेपर्यंत.

आपली,
फाटकातल्या काकू