हातचे राखून खेळलेले सामने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालिकेचा निकाल आधीच लागलेला असला किंवा एखादा संघ साखळीतच गारद झालेला असला, की उरलेल्या सामन्याच्या बातमीत ‘आता केवळ औपचारिकता’ हे शब्द हमखास येतात. आपल्या क्रीडापानालाही ते वर्ज्य नाहीत, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. अशा लढतीला ‘डेड रबर’ म्हणण्याची पद्धत आता मराठी समालोचनातही रुळली आहे. त्या शब्दाशी माझे वैर नाही. पण त्याच्या आडून खेळाडूला जी सवलत बहाल केली जाते, ती मला पटत नाही. ज्या सामन्याने गुणतक्त्यात काहीच हलणार नाही, त्यात व्यावसायिक खेळाडूने जरा अंग चोरले तर बिघडले कुठे, असा तो सूर असतो. मला वाटते, कोणाला खेळवायचे आणि कोणाला बसवायचे हे संघाने खुशाल ठरवावे. मात्र मैदानात उतरलेल्या खेळाडूने सामना निरर्थक ठरवून हातचे राखू नये, कारण तो कोणासाठी निरर्थक आहे आणि कोणासाठी नाही, हे त्या दिवशी त्याला कळण्याची सोयच नसते.

१९९२च्या विश्वचषकातला एक सामना या संदर्भात मला नेहमी आठवतो. १८ मार्च रोजी ऑस्ट्रेलियातील ऑल्बरी येथे इंग्लंड आणि झिम्बाब्वे समोरासमोर आले, तेव्हा इंग्लंडचे उपांत्य फेरीतील स्थान पक्के झाले होते आणि झिम्बाब्वे आधीचे सातही सामने हरून स्पर्धेबाहेर गेला होता. दोन्ही बाजूंना मिळवण्यासारखे काही नव्हते, म्हणजे औपचारिकतेच्या व्याख्येत तंतोतंत बसणारी लढत. झिम्बाब्वेचा डाव १३४ धावांत आटोपला, तेव्हा तर उरलीसुरली उत्सुकताही संपली असेल. पण एरवी कोंबडीपालन करणाऱ्या एडो ब्रँडिस या गोलंदाजाने पहिल्याच चेंडूवर ग्रॅहम गूचला पायचीत केले, २१ धावांत ४ बळी घेतले आणि इंग्लंडचा संघ १२५ धावांत बाद झाला. विश्वचषकात १९८३ नंतर झिम्बाब्वेने मिळवलेला हा पहिलाच विजय. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये भारताविरुद्ध हरारेत त्याची पहिली कसोटी झाली. एका विजयामुळे दर्जा मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अशा निर्णयांमागे बरीच वर्षांची खटपट असते. तरीही आठच्या आठ सामने हरलेल्या संघाची बाजू मांडणे आणि इंग्लंडला नमवलेल्या संघाची बाजू मांडणे, यांत फरक पडतोच. स्पर्धेबाहेर गेलेला संघ त्या दिवशी पाट्या टाकून परतला असता, तर त्याला दोष देणारेही फारसे कोणी निघाले नसते.

दुसरी गोष्ट अशी की, सामना दोघांचा असला तरी त्याचे धागे तिसऱ्याच्या दाराशी बांधलेले असतात. २०२२च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा संघ गुणतक्त्यात तळाला होता आणि त्याची शेवटची लढत दिल्लीशी होती. दिल्ली जिंकली असती तर बाद फेरीत गेली असती. मुंबईने तिला पाच गडी राखून हरवले आणि जागा बंगळूरुला मिळाली. पुढच्याच वर्षी फासे उलटे पडले. अव्वल स्थान आधीच पक्के केलेल्या गुजरात टायटन्सने शेवटच्या साखळी सामन्यात बंगळूरुला हरवले. विराट कोहलीच्या नाबाद १०१ धावांना शुभमन गिलच्या नाबाद १०४ धावांनी उत्तर मिळाले आणि या वेळी मुंबईचा रस्ता मोकळा झाला. गुजरातला त्या विजयाचा काडीचाही उपयोग नव्हता. पण त्या खेळाडूंनी हात आखडता घेतला असता, तर बाद फेरीतला चौथा संघ कोण, हे गुणवत्तेने ठरले नसून गुजरातच्या लहरीने ठरले, असे म्हणावे लागले असते. जिंकण्याची गरज नसलेल्या संघाने नीट खेळणे ही प्रतिस्पर्ध्यावर केलेली मेहेरबानी नाही. इतर सगळ्या संघांनी महिनाभर मिळवलेल्या गुणांची ती हमी असते.

२०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात हाच प्रश्न उघडपणे चर्चेला आला. ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत पोहोचला होता आणि स्कॉटलंडने त्याला हरवले असते, तर इंग्लंड स्पर्धेबाहेर जाणार होते. इंग्लंडसारखा तगडा प्रतिस्पर्धी वाटेतून दूर झाला तर आमच्या हिताचेच आहे, अशा आशयाचे बोल जोश हेझलवूडने सामन्याआधी काढले. ते गमतीने होते, असा खुलासा पुढे झाला. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाने १८१ धावांचे लक्ष्य दोन चेंडू शिल्लक असताना गाठले आणि इंग्लंड तरले. ऑस्ट्रेलियन क्रिकेटचा पूर्वेतिहास मात्र इतका निर्मळ नाही. १९९९च्या विश्वचषकात ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडिजचा डाव ११० धावांत गुंडाळल्यानंतर स्टीव्ह वॉच्या संघाने विजयासाठी ४०.४ षटके घेतली, कारण वेस्ट इंडिजची धावगती फार खालावू नये आणि न्यूझीलंडऐवजी तोच संघ पुढे जावा, असा हिशेब होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शेवटी न्यूझीलंडच पुढे गेले, हा भाग वेगळा आणि मला विचाराल तर समाधानकारक. धावगतीशी असा हेतुपुरस्सर खेळ करणे हा आता आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेत गुन्हा मानला जातो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आणि ते हलके नाही. व्यावसायिक खेळाडूचे शरीर हेच त्याचे भांडवल असते आणि ते मर्यादित काळच टिकते. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा वेस वेल्कर जानेवारी २०१० मध्ये साखळीच्या अखेरच्या सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून जायबंदी झाला. संघाने गटविजेतेपद आधीच मिळवले होते आणि पुढच्या बाद फेरीला तो मुकला. याच्या उलट उदाहरणही त्याच खेळात आहे. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सची बाद फेरीतली जागा ठरलेली असताना ते अपराजित पेट्रियट्सविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळले, ३५-३८ असे हरले आणि पाच आठवड्यांनी सुपर बोल या अंतिम सामन्यात त्याच संघाला १७-१४ असे हरवून विजेते झाले. एका उदाहरणावरून विश्रांतीचे शहाणपण सिद्ध करायचे आणि दुसऱ्यावरून झुंजीचे, असा वाद रंगवता येतो; पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. पुढे फायदा होईल म्हणून जीव तोडून खेळा, असे सांगणे म्हणजे फायदा नसेल तेव्हा सूट आहे, हे कबूल करण्यासारखेच आहे.

म्हणून मी विश्रांती आणि कुचराई या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. थकलेल्या वेगवान गोलंदाजाला मालिका जिंकल्यानंतर संघाबाहेर ठेवणे यात लबाडी काहीच नाही. उलट त्याच्या जागी जो येतो, त्याच्यासाठी तो दिवस आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा असू शकतो. मात्र हा निर्णय उघड आणि वेळेवर व्हावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने मायामीविरुद्धच्या सामन्याआधी आपले चार प्रमुख खेळाडू गाजावाजा न करता घरी पाठवले, तेव्हा एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. दंडाची रक्कम योग्य होती की जास्त, यावर दुमत असू शकते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला कोण खेळणार नाही हे आधी कळण्याचा हक्क आहे, यावर नसावे.

पूर्ण प्रयत्न म्हणजे आततायीपणा नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. निकाल लागलेल्या मालिकेत सीमारेषेवरच्या फलकावर खांदा आपटून चौकार अडवावा, अशी माझी अपेक्षा नाही. पण यष्टीरक्षकाने प्रत्येक चेंडूला वाकणे, कर्णधाराने फलंदाज पाहून क्षेत्ररचना बदलणे, फलंदाजाने विकेट फेकून न देणे, यांत कोणाचा गुडघा तुटत नाही. या गोष्टी लक्ष देण्याच्या आहेत. प्रेक्षकाला थकवा आणि बेफिकिरी यांतला फरक बरोबर कळतो, तो पॅव्हेलियनमधल्यांना वाटतो त्याहून चांगला. टेनिसच्या व्यावसायिक संघटनेने तर ही अपेक्षा नियमातच लिहून ठेवली आहे. २०१६ मध्ये शांघायला सामना अक्षरशः सोडून दिल्याबद्दल निक किर्गिओसला दंड आणि निलंबन दोन्ही सोसावे लागले.

निकाल लागलेल्या मालिकेत पूर्ण प्रयत्न कोणासाठी करायचा, हा अवघड उपप्रश्न वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराच्या बाबतीत उभा राहतो. एप्रिल १९९४ मधल्या त्याच्या ३७५ धावा आणि एप्रिल २००४ मधल्या नाबाद ४०० धावा, या दोन्ही विश्वविक्रमी खेळी अँटिग्वात इंग्लंडविरुद्धच्या मालिकांच्या शेवटच्या कसोटीत झाल्या आणि दोन्ही वेळा मालिकेचा निकाल आधीच लागलेला होता. म्हणजे कसोटी क्रिकेटमधली सर्वांत मोठी धावसंख्या एका ‘डेड रबर’मधली आहे. चारशेच्या खेळीवर त्या वेळी टीकाही झाली: डाव ७५१वर घोषित होईपर्यंत इतका वेळ गेला की सामना अनिर्णित राहिला, आणि कर्णधार असलेला लारा संघापेक्षा विक्रमासाठी खेळला, असे म्हटले गेले. मला ही टीका पूर्णतः अमान्य नाही. सामन्याचा हेतू निघून गेला की खेळाडू स्वतःचा हेतू शोधतो आणि तो नेहमी संघाच्या हेतूशी जुळतोच असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये करुण नायरने चेन्नईत काढलेल्या नाबाद ३०३ धावा मला या दृष्टीने अधिक निखळ वाटतात. मालिका भारताच्या खिशात होती, इंग्लंडने पहिल्या डावात ४७७ धावा केल्या होत्या, कसोटी सहज अनिर्णित ठेवता आली असती. नायरच्या त्रिशतकामुळे भारताने ७ बाद ७५९ धावा उभारल्या आणि शेवटच्या दिवशी रवींद्र जडेजाच्या सात बळींनी डावाने विजय मिळवून दिला. त्या खेळीचे नायरला काय फळ मिळाले म्हणाल, तर २०१७ नंतर पुन्हा कसोटी खेळायला त्याला २०२५ उजाडेपर्यंत थांबावे लागले.

खेळाडूंना इतके बोलल्यावर आयोजकांना मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या, त्यांपैकी एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या आणि एक इंडोनेशियाची, मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल स्पर्धेतून काढल्या गेल्या. सर्व्हिस जाळ्यात मारली जात होती, फूल बाहेर टोलवले जात होते आणि प्रेक्षक ओरडत होते. जोड्यांचा अपराध निर्विवाद होता. पण गटात हरल्यास पुढची वाट सोपी होईल, अशी आखणी कोणी केली होती? पुढे नियम बदलून गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची नव्याने सोडत काढण्याची पद्धत आली. फुटबॉलमध्ये १९८२ साली खिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीची १-० ही गोलसंख्या गाठल्यावर उरलेला वेळ चेंडू इकडेतिकडे ढकलण्यात घालवला आणि आदल्या दिवशीच आपला सामना संपवून बसलेल्या अल्जीरियाचा बळी गेला; तेव्हापासून गटातले अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जातात. एनबीएनेही उत्तम नवोदित खेळाडू आधी निवडता यावा म्हणून तळाला राहण्याची ओढ कमी करण्यासाठी २०१९ पासून शेवटच्या तीन संघांची सोडतीत पहिली निवड मिळण्याची संधी सारखीच, म्हणजे १४ टक्के केली. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेने मालिकेतल्या प्रत्येक कसोटीला गुण दिले, हेही त्याच जातीचे औषध. जिथे हरण्यात लाभ आहे, तिथे केवळ नीतीचे पाठ देऊन भागत नाही.

सट्टेबाजीचा मुद्दा थोडक्यात मांडतो. ज्या सामन्याच्या निकालाची खेळाडूलाच पर्वा नाही, तो विकत घेणे सर्वांत स्वस्त पडते, आणि आळस व सौदा हे बाहेरून सारखेच दिसतात. प्रामाणिक पण ढिला खेळाडू अप्रामाणिक खेळाडूला आडोसा देत असतो.

मी पूर्वी बरीच वर्षे हौसेने गुणलेखकाचे काम केले. निकाल लागलेल्या मालिकेतली धाव वहीत वेगळ्या शाईने लिहिण्याची पद्धत नाही आणि पुढे सरासरी काढणाराही ती वेगळी काढत नाही. तेव्हा आपल्या क्रीडा विभागाला एवढीच विनंती, की असा सामना असेल त्या दिवशी ‘केवळ औपचारिकता’ लिहून बातमी आटोपण्याऐवजी कोणाला पहिल्यांदा संधी मिळते आहे, कोणाला विश्रांती दिली आहे आणि निकालावर कोणत्या तिसऱ्या संघाचे नशीब अडकले आहे, एवढे छापावे. त्याला चार ओळी पुरतात.

आपला नम्र,
एक निवृत्त गुणलेखक