आजीच्या रिकाम्या टेबलाबद्दल: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

माझी आजी या उन्हाळ्यात गेली. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अनुदानित शाळेत ती लिपिक होती. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ची सेवाशर्ती नियमावली आली त्याच्या आधीपासून निवृत्तीपर्यंत, एकाच टेबलावर. लिपिक हा शब्द पगारपत्रकापुरता; गावाला ती ‘हापिसातल्या बाई’. तेरवीला आलेल्या एका बाप्याने हात धुता धुता मला विचारलं, “आता दाखला कोनाले मांगाव, बापू?” त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून प्रश्न आपल्याकडे पाठवतो आहे.

१ जूनला जन्मलेली माणसं महाराष्ट्रात किती आहेत हे आपल्याला ठाऊक असेलच. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे आमच्याकडे १ जुलैवालेही पुष्कळ. मास्तरांनी अंदाजाने वय धरायचं आणि तारीख टाकून मोकळं व्हायचं, ही रीत. आजीला ती मान्य नव्हती. पहिलीत नाव टाकायला आलेल्या आईला ती आधी बाकावर बसवायची, पाणी द्यायची. मग चौकशी. “पोयाच्या आंधी झाला का मंग, व माय? पऱ्हाटी केवढी होती तवा, घुडग्याएवढी का कमरेएवढी?” थोरल्या पोराचं वय विचारून साल पक्कं करायची, बापाला ग्रामपंचायतीत जन्माची नोंद बघायला पिटाळायची, आणि तोवर दाखल-खारीज रजिस्टरातला तो रकाना कोरा. मुख्याध्यापक वैतागायचे. पण त्या रकान्यावर पुढे माणसाची नोकरी, लग्नाचं वय, म्हातारपणी निराधारचे पैसे, सगळं ठरतं, हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं असं माझं मत आहे.

नोंद चुकलीच तर खोडायची पद्धतही ठरलेली. एकच आडवी रेघ, जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर लाल शाईने नवी नोंद, शेजारी मुख्याध्यापकांची सही. पांढरा रंग लावलेलं पान दिसलं की म्हणायची, “हे काहून लपोलं?”

निवृत्तीनंतर तर आमची ओसरीच कार्यालय झाली. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. या तारखा तिला तोंडपाठ. तांड्यावरचा एखादा पोरगा बारावीचा निकाल घेऊन यायचा, तर ती आधी त्याच्या आज्याचं नाव विचारायची. आजा शाळेत गेला होता? कोणत्या गावच्या? बरं, शाळेत नसेल गेला तर तहसिलीत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल काढ, तिथं चुलत आज्याचं नाव असलं तरी वंशावळीला चालतं. पोराला हे कोणत्या पोर्टलने सांगितलं असतं?

पगाराच्या बिलांचं फार सांगत नाही. कापडी पिशवीत बिलं घालून ती यवतमाळला वेतन पथकाकडे जायची. शकुंतला चालू होती तोवर कधी कधी आगगाडीने, बाकी येष्टीने. बिल अडलं तर अख्ख्या स्टाफचा किराणा अडायचा.

आज तिचं टेबल रिकामं आहे. तिच्यामागून आलेले कारकूनही निवृत्त झाले, त्यानंतर कुणी आलं नाही. शिपायाचंही तेच: ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली ती पदं निवृत्तीबरोबर संपत जाणार, बदल्यात भत्ता. गणिताचे सर तास सोडून सरल, यू-डायस, शालार्थ या सरकारी पोर्टलांवर मुलांची, शाळेची, पगाराची माहिती भरत बसतात. रेंज गेली की दाखल्यासाठी आलेली बाई उद्या या म्हणून परत जाते, आणि वेचणीच्या दिवसांत उद्या येणं म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडणं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत लिपिक कधी नव्हताच, तिथे हे सगळं मुख्याध्यापकांच्या डोक्यावर. शिक्षकेतर, म्हणजे शिक्षक सोडून उरलेले, अशा नजरेने त्या माणसांकडे पाहिलं तर आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, त्यांची पदं आधी कापली जाणारच.

माझं मागणं तिच्या नावाच्या पुरस्काराचं नाही. ग्रामीण शाळांचा शिक्षकेतर आकृतीबंध पुन्हा तपासा. पटसंख्या कमी झाली म्हणून जुन्या नोंदी कमी होत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी शिकून गेलेल्याचा नातूही दाखला मागायला त्याच शाळेत येतो. लिपिकाचं पद देताना आजचा पटच तेवढा मोजू नका. दोन छोट्या शाळांत मिळून एक लिपिक दिला तरी आमचं भागेल. आणि पावसाळ्याआधी जुनी दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन करायचा आदेश काढा, त्यासाठी पैसेही द्या. नाहीतर तो भारही गणिताच्या सरांवरच पडेल. आमच्या शाळेतल्या सर्वात जुन्या रजिस्टराच्या कडा उधईने खाल्ल्या आहेत. नावं अजून शाबूत आहेत, आडनावं जायला लागली आहेत.

उत्तर पाठवलंत तर जावक क्रमांक टाकायला सांगा. आमच्या घरी त्याशिवायच्या कागदाला कागद म्हणत नाहीत.

आपला,
हापिसातल्या बाईंचा नातू
ता. दारव्हा, जि. यवतमाळ