डॉक्टर, ही तुमची कितवी?

संपादक महोदय,

'मोठी चीर नाही, त्याच दिवशी चालत घरी' अशी पायाच्या अंगठ्याजवळ वाढलेल्या हाडावरच्या ऑपरेशनची पत्रके हल्ली वर्तमानपत्राच्या घडीतून पडतात. मजकूर अगदीच खोटा नसतो. पण चीर लहान म्हणजे काम सोपे, असा समज त्यातून होतो, म्हणून हाडांची ऑपरेशने करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे लिहायला घेतले.

लोक याला 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. यात दुर्बीण नसतेच! काही मिलिमीटरच्या छिद्रातून फिरता बर (ड्रिलसारखे बारीक, कापणारे टोक) आत घालून हाड कापायचे, सरकवायचे आणि स्क्रूने धरायचे. हे सारे सी-आर्मच्या पडद्यावर, म्हणजे एक्स-रेच्या सावलीवर आणि हाताला जे जाणवेल त्यावर. उघड्या ऑपरेशनमध्ये नस बाजूला करून जपता येते, इथे ती कुठून जाते हे मनाशी पक्के ठेवावे लागते. सलाइनची धार कमी पडून बर तापला, तर कातडी आणि हाड दोन्ही भाजतात. हे पुस्तकात वाचून हातात येत नाही.

हात बसायला किती केसेस लागतात, याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आहेत. तीस धरा. महिन्याला असे दोन पाय करणाऱ्या सर्जनला तिथवर पोचायला सव्वा वर्ष लागेल. त्या सव्वा वर्षात टेबलावर आलेल्या पेशंटांना आपण त्या तिसांतले होतो, हे ठाऊकही नसते.

हे नवे नाही. पित्ताशय दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाली (आपल्याकडे 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात), तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जगभर वाढले होते. अंगठ्याच्या या पद्धतीबाबत उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही 2010 मध्ये सावध सूचना दिली होती: पुरावा मर्यादित आहे, पेशंटला तसे सांगा, निकालांची नोंद ठेवा.

माझी मागणी छोटी आहे. आधी मृतदेहावर सराव, मग जाणत्या सर्जनच्या शेजारी उभे राहून सुरुवातीच्या केसेस, आणि संमतिपत्रात एक ओळ: 'या पद्धतीने मी आजवर केलेली ऑपरेशने'. तरुण सहकारी रागावतील, रागावोत.

गुडघ्याची दुर्बीण मी शिकत होतो, तेव्हा एका पेशंटच्या बायकोने दारातच विचारले होते, "डॉक्टर, ही तुमची कितवी?" चौथी होती. मी म्हणालो, "काही काळजी करू नका, वहिनी."

- एक निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, सांगली