हाडांना वेळ दे
(घातक प्लाटून, म्हणजे पायदळ बटालियनची खास हल्ला तुकडी, तयार करणाऱ्या मुलास पत्र)

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

घातक प्लाटूनच्या शारीरिक तयारीचा सहा महिन्यांचा कार्यक्रम तुमच्या कमांडिंग ऑफिसर साहेबांनी तुझ्याकडे सोपवला, हे ऐकून फार बरं वाटलं. पोरं निवडक, तरणीताठी, त्यातली काही तालमीत जोर-बैठका मारून आलेली. त्यांच्याकडून मेहनत करून घेणं तुला जड जाणार नाही. त्यांना वेळेवर थांबवणं जड जाईल. माझी सगळी नोकरी लष्करी रुग्णालयात, जवानांच्या नडग्या, गुडघे आणि कंबरांवर उपचार करण्यात गेली, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

मेहनत वाढली की शरीरातलं सगळं एकाच वेगानं तयार होत नाही. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतो, स्नायू महिन्या-दीड महिन्यात जोर धरतात. हाड सगळ्यांत मागे. वाढलेला भार पेलण्यासाठी शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोरगा सुसाट धावतोय, उस्ताद त्याच्यावर खूश आहेत, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या नडगीचं हाड कच्चं आहे. अशा वेळी पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, आणखी पाच किलो पडले की हाडाला केसासारखी चीर जाते, यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. दुखणं जुनंच आहे. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं चालून चालून सुजलेल्या सैनिकी पावलांचं वर्णन १८५५ साली केलं. आत हाड तडकलेलं असतं हे दिसायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला, आणि तो लागला १८९५ला.

तेव्हा दर चौथा आठवडा हलका ठेव, पहिल्या महिन्यातला तर नक्कीच. वजन, अंतर आणि वेग यांतलं एका वेळी एकच वाढव. पिट्टू घेऊन मार्च आठवड्यातून एकदा पुरे. बाकीचे दिवस ताकदीला दे: डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बैठका, दोर चढणं, गड्याला खांद्यावर घेऊन चालणं. लष्कराच्या शारीरिक चाचणीतल्या धावण्याचा वेळ डोळ्यांपुढे ठेवून कार्यक्रम आखू नकोस, त्यात तुझ्या पोरांना आत्ताही एक्सलंट मिळतं. काटकुळा धावपटू तिथे पहिला येईल, पण पाठीवर तीस किलो घेऊन रात्रभर डोंगर चढायचा तर मांड्या आणि पाठ भक्कम लागतात. बुटांकडेही बघ. पायातलं एक किलो पाठीवरच्या जवळपास पाच किलोंइतकं दमवतं, हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे.

रात्री उठवून रगडा देण्याची, म्हणजे दमेपर्यंत पळवण्याची, हौस काहींना असते. मला ती कधीच पटली नाही. इस्रायली सैन्यात नव्या सैनिकांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालायचं अंतर थोडं कमी केलं, तर स्ट्रेस फ्रॅक्चर ६० टक्क्यांहून जास्त घटली. जागरणाचा सराव हवाच, कारण मोहिमेत झोप मिळणार नाही. पण त्यासाठी ठरवून दोन-तीन रात्री काढ, आणि नंतर त्यांना पोटभर झोपू दे.

जेवणाचंही तेच. १९९१ मध्ये अमेरिकेच्या रेंजर कोर्सवर संशोधकांनी लक्ष ठेवलं होतं. ६२ दिवस अर्धपोटी आणि अर्धवट झोपेवर राहून ते सैनिक सरासरी १५ टक्क्यांहून जास्त वजन गमावून बसले, पुरुषी हार्मोन तर पार तळाला गेलं. तो कोर्स माणसाचा कस बघायला आहे, त्यानं माणूस घडत नाही. तुला सहा महिने घडवायचंय. म्हणून लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, सांभाळणाऱ्या जेसीओ साहेबांना पहिल्याच बैठकीला बोलव. मार्चनंतर तासाभरात अंडी, दूध, डाळ-भात पोरांच्या पोटात गेलाच पाहिजे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जवान दुखणं लपवतो, प्लाटूनमधून नाव कटेल या भीतीनं. माझ्यापर्यंत पोरं यायची ती लंगडायला लागल्यावरच, तेव्हा दोन आठवड्यांचं काम चार महिन्यांवर गेलेलं असायचं. पहिल्या दिवशीच सांगून टाक की दुखणं वेळेवर सांगणाऱ्याची जागा राखून ठेवली जाईल, आणि ती खरोखर राख. दर सोमवारी पी.टी.आधी प्रत्येकाला एका पायावर उड्या मारायला लाव. नडगीवर सगळीकडे पसरून ठणकत असेल तर भार कमी करून बघता येतं. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ येत असेल तर थेट एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना. आणि कुणी जांघेत दुखतंय म्हणाला तर त्याच क्षणी त्याचं धावणं बंद. मांडीच्या हाडाची मान तडकलेली असू शकते, ती सरकली तर शस्त्रक्रिया, आणि बहुधा घातकचा विषय संपला. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नकोस, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचार.

वेळापत्रकाचा कच्चा आराखडा झाला की पाठव. मी आधी चौथ्या आठवड्याचा रकाना बघेन.

तुझी,
आई