जुन्या द्राक्षबागांची एक ओळ तरी राखून ठेवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची बातमी आली की ती भावाची असते नाहीतर अवकाळीची, आणि ती आलीच पाहिजे, पण ज्या बागांमधून आपल्या जाती निघाल्या त्या बागांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्या उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज बाहेरच्यांना माळढोक अभयारण्यामुळं माहिती आहे. पण याच गावात नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती शोधल्या, तेही स्वतःच्या शेतात. हे काम कसं होतं ते शहरातल्या वाचकांना सांगायला पाहिजे. थॉमसनच्या, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाच्या एका जुन्या जातीच्या बागेत एखाद्या वेलीला एखादीच काडी वेगळी निघते, मणी लांब असतात, घडाची ठेवण वेगळी असते, बाग बघायला आलेल्यांना काही कळत नाही पण ज्याची नजर रोज मांडवावर असते त्याला ते बरोबर दिसतं, मग ती काडी खूण करून ठेवायची, तिचे डोळे घेऊन कलमं बांधायची, आणि पुढच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीला, तेच फळ येतंय का बघायचं, त्याच्या पुढच्या वर्षी पण, आणि तसंच येत राहिलं तर जात पक्की. सोनाका अशीच थॉमसनमधून निघाली आणि काळी शरद ही मध्य आशियातल्या किशमिश चोर्नीमधून. काळे घराण्याच्या पुढच्या पिढीनं पण हे चालू ठेवलंय, किंग बेरी, सरिता, नानासाहेब पर्पल या त्यांच्याच जाती.

तिकडं तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश. किती घरांचे संसार या एका जातीवर उभे राहिलेत ते सांगली, नाशिककडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

त्याच्या आधीचं तर बरंच गेलंय. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, ही नावं आता तरुण बागायतदारांना ऐकून पण माहिती नाहीत. पुण्यात गणेशखिंडला फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीतून निवड करून चीमा साहेबी काढली, ती पण आता बाजारात कुठं दिसते? बी असलेली द्राक्षं कोणी घेत नाही हे मान्य, पण म्हणून झाडच ठेवायचं नाही असं नाही ना.

आता परदेशातून लायसनच्या, म्हणजे मालकाची परवानगी घेऊनच लावता येणाऱ्या जाती आल्यात. माझा त्यांना अजिबात विरोध नाही, मजुरी आणि औषधांचा खर्च बघता शेतकऱ्यानं नवीन लावलंच पाहिजे. पण नवीन लावताना जुनी बाग मुळासकट निघते आणि त्यात ज्या वेलीवरून जात सुरू झाली ती वेल पण जाते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 मध्ये झाला, शेतकऱ्याला आपली जात नोंदवता येते, चांगलंच आहे, पण तो झाला कागद. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जातींचा संग्रह आहे आणि तो पाहिजेच. पण ज्या मातीत, ज्या पाण्यावर, ज्या घराच्या हाताखाली जात वाढली ती बाग तिथं नेता येत नाही. शिवाय या घरांमध्ये छाटणीच्या तारखांच्या, फवारणीच्या जुन्या वह्या असतात, दुष्काळात बाग कशी जगवली ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं, आणि त्याची नोंद कोणीच करत नाहीये.

वाडे, बारवा, मंदिरं वारसा यादीत येतात तशा या बागा का येऊ नयेत? द्राक्ष बागायतदार संघानं आणि कृषी खात्यानं मिळून जिल्हावार अशा घराण्यांची यादी करावी, आणि जो शेतकरी जुन्या जातीची एक ओळ जागेवर राखेल त्याला त्या ओळीचं नुकसान भरून निघेल एवढं मानधन दरवर्षी द्यावं. फुकट राख म्हणणं बरोबर नाही, कर्ज त्याच्याच डोक्यावर असतं.

आणि तुम्हाला विनंती, तुमचा एखादा प्रतिनिधी ऑक्टोबर छाटणीच्या आधी नान्नजला आणि बोरगावला पाठवा, छाटणी सुरू झाली की बोलायला कोणाला वेळ नसतो.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, उत्तर सोलापूर