तात्या, तुम्ही जे केलं नाहीत त्याबद्दल आभार

ति. तात्या, रोपवाटिकेच्या काकू आणि रविवारची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुमचा सत्कार ठरला होता. शाल आणली, नारळ आणला, माइकवरून नाव पुकारलं, तर तुम्ही मागच्या गेटातून केव्हाच पसार! "झाडांना पाणी घालायला गेलेत," असं कुणीतरी सांगितलं. भर भाद्रपदात, वर पाऊस चालू असताना. समोर बसवून तुमचे आभार मानणं कॉलनीच्या नशिबात नाही हे तेव्हाच ओळखलं, म्हणून हे उघड पत्र. वाचून कुरकुर कराल, ती करा.

सुरुवातीचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनी पाहिलंय. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, शाहूनगरातल्या शेवटच्या गल्लीपलीकडे लेआउटमध्ये 'ओपन स्पेस' म्हणून सोडलेला तो तुकडा. बांधकामाचा राडारोडा, गाजरगवत, फाटक्या गाद्या, आणि संध्याकाळी तिथे काय चालायचं ते लिहायला नको. तुम्ही फावडी-घमेली घेऊन उतरलात, ट्रॉली भरभरून राडारोडा हलवलात, मुरमात दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन पोयटा आणि शेणखत भरलंत. त्याचे फोटो निघाले, कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

मला मात्र आभार मानायचेत ते त्यानंतरचे. म्हणजे खरं तर तुम्ही जे जे केलं नाहीत त्याबद्दल.

जागा स्वच्छ झाली आणि प्रत्येकाला तिथे काहीतरी करावंसं वाटू लागलं. कुणाला लॉन हवं होतं, कुणाला पेव्हर ब्लॉक, कुणाला कारंजं. रात्री दिवसासारखा उजेड पडेल असा हायमास्ट दिवा हवा होता. एकाने सिमेंटचा हत्ती सुचवला. हत्तीच का, हे अजून कुणाला कळलेलं नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि प्रत्येकाला म्हणालात, "बघू की." उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात काढलेल्या माणसाला न भांडता नाही म्हणायची कला चांगलीच येते, हे मला तेव्हा समजलं. हत्ती आजतागायत आलेला नाही.

कुंपणालगतच्या पांगाऱ्याची ती वाळकी फांदी आठवते? ती तोडा म्हणून किती जण मागे लागले होते. पोरं खेळतात, डोक्यात पडेल, शिवाय वाळकं लाकूड दारात बरं दिसत नाही. तुम्ही रस्त्यावर झुकलेलं टोक तेवढं छाटलंत, खालचा बाक उचलून दुसरीकडे नेलात आणि उरलेली फांदी तशीच ठेवलीत. उन्हाळा लागताच त्या फांदीच्या पोटाला गोल भोक पडलं आणि त्यातून लाल कपाळाचा तांबट डोकवायला लागला. तांबट घर कोरतो ते वाळून मऊ पडलेल्या लाकडात. हिरव्यागार, टणक फांदीवर त्याच्या चोचीचं फारसं काही चालत नाही. म्हणजे आपण 'मेलेलं' म्हणून जे तोडायला निघालो होतो, ती त्याच्या दृष्टीने गल्लीतली सगळ्यात चांगली जागा होती. दुपारच्या उन्हात ते एकसुरी टुक् टुक् कुठून येतं हे आता आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. त्याच फांदीत काळे भुंगेही राहतात. त्यांच्याबद्दल तक्रारी चालू आहेत; तुमचं "बघू की" तिथेही चालू आहे.

दुसरी गोष्ट लिंबाची. काकूंनी लावलेल्या लिंबाच्या झाडाची पानं एका पावसाळ्यात पार कुरतडली गेली. अळ्या तरी कशा, लहानपणी थेट पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या. आमच्यातलेच एक जण फवारणीचा पंप पाठीला लावून हजर. काकू झाडापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लिंबं मंडईतनं आणता येतील, ह्या कुठनं आणशील?" मग जी काळीभोर, निळ्या झाकेची, हाताच्या पंजाएवढी फुलपाखरं बागेत फिरायला लागली ती नीलवंत. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. मान मुंबईत मिळतो, पण अंडी घालायला त्याला लिंबाच्या कुळातलंच झाड लागतं आणि त्या झाडावर फवारा मारलेला चालत नाही. ही दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात असते की नाही कोण जाणे, माझ्या मुलीला ती काकूंकडून कळली.

नळाखालचा चिखलही तुम्ही तसाच ठेवलात. तिथे फरशी घाला म्हणून मीच दोनदा सुचवलं होतं, कारण चपला भरतात. पण पावसाची उघडीप पडली की त्या ओल्या मातीवर पिवळी-पांढरी फुलपाखरं दाटीवाटीने बसतात, सोंड खुपसून मातीतले क्षार ओढतात. ते पाहिल्यापासून मी नळाला जायचं झालं तर चार पावलं लांबून जाते.

आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. पश्चिम घाटाला 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आलं, आणि आपली छाती फुगली. सप्टेंबरात तिकीट काढून, गाड्यांच्या रांगेत ताटकळत आपण तेरडा आणि सीतेची आसवं बघायला जातो. आणि तोच तेरडा घरापुढे उगवला तर 'रान माजलंय' म्हणून उपटतो. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, ती बातमी आपण सगळ्यांनी अभिमानाने पुढे पाठवली, आणि त्याच आठवड्यात करंजावरचं फुलोरीचं इवलंसं पोळं जाळायला माणूस शोधत होतो. तुम्ही त्या झाडाभोवती सुतळी बांधलीत, 'इकडून जाऊ नये' अशी पाटी लावलीत, संपला विषय. आणि पावसाळाभर उताराकडच्या पट्ट्याला विळा लावलाच नाहीत. गवताचं बी पडून गेलं, तेरड्याच्या शेंगा तडकल्या, मग दिवाळीनंतर कापणी. आता त्या पट्ट्यात जे फुलतं ते बघायला तिकीट नाही.

सापांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. डोंगराच्या पायथ्याला राहायचं तर घोणस आणि नाग यांची भीती खरी असते, आणि गवत वाढवा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढणारच. तुम्ही भाषण न देता दोन कामं केलीत. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कायम तोकडं ठेवलंत, म्हणजे पाय टाकण्याआधी जमीन दिसते. आणि कोपऱ्यावरचा खरकट्याचा ढीग बंद केलात. ढीग गेला तशा घुशी आणि उंदीर कमी झाले, आणि साप येतो तो उंदरांच्या मागावर. धामण अजूनही दिसते अधूनमधून, पण आता तिला बघून काठी शोधणारे कमी आणि मोबाइल काढणारे जास्त झालेत. हीसुद्धा प्रगतीच म्हणायची.

घाणेरीच्या बाबतीत तुम्ही जो धीर धरलात त्याला तोड नाही. बाहेरून आलेली झुडपं, उपटून टाका एका रविवारात, असा आम्हा नवशिक्यांचा उत्साह. तुम्ही म्हणालात, हिला जवळजवळ बाराही महिने फुलं असतात, फुलपाखरं तिच्यावर जगतायत, बुलबुल तिच्यात लपतायत. आधी दुसरं काहीतरी उभं करू. मग करवंद आणि धायटी लावली, ती धरली तशी दरवर्षी पावसात माती भुसभुशीत असताना घाणेरीचा एकेक तुकडा मुळासकट काढला. गिरिपुष्पाचंही तेच. नुसतं तोडून ते जात नाही, दुप्पट फुटतं. तुम्ही पावसाच्या तोंडावर त्याच्या फांद्या छाटून कोवळा पाला करंज-बहाव्याच्या आळ्यात अंथरलात, खत म्हणून. परक्या झाडाकडून भाडं वसूल केलंत म्हणायचं!

पालापाचोळा जाळू दिला नाहीत याबद्दलचे आभार माझ्या सासूबाईंकडून. त्यांना दमा आहे. पूर्वी माघ-फाल्गुनात सकाळी झाडलोट झाली की गल्लीत धूर, आणि आमच्या घरात पंप-औषधांची धावपळ. आता तो पाला खड्ड्यात नाहीतर झाडांच्या बुंध्याशी जातो, आणि सातभाईंचा थवा कलकलाट करत त्यात किडे उकरत बसतो. सासूबाई त्यांना 'भिशी मंडळ' म्हणतात. त्यांच्यासाठी तुम्ही पाठीला टेकायला येईल असा बाक केलात, वाटेला पायरीऐवजी उतार ठेवलात, आणि दिवे लावलेत तेही गुडघ्याएवढे, खाली तोंड केलेले. म्हातारं माणूस ठेचकाळत नाही आणि वर झाडावर अंधार राहतो. हायमास्टवाले अजून नाराज आहेत. वळवाच्या पावसानंतर उताराकडे काजवे दिसले तेव्हा त्यांच्यातलेच दोघे नातवंडांना घेऊन आले होते, हे मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवते.

आता काकूंच्या रोपवाटिकेबद्दल, कारण तिच्याविषयी कुणी बोलतच नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, अर्धी गच्ची आणि काकूंची चिकाटी एवढंच भांडवल. बहाव्याचं बी कठीण कवचाचं, नुसतं पेरलं तर रुसून बसतं. काकू ते गरम पाण्यात भिजत घालतात. वड, पिंपळ, उंबर मात्र बियांपासून करत बसायला नको असं त्यांचं मत. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून, गटारांच्या कडांतून, विहिरींच्या चिरांतून ती रोपं आपोआप उगवतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली. भिंत फुटते म्हणून मालक ती उपटून टाकतात किंवा त्यावर ॲसिड ओततात. काकूंचा निरोप सगळीकडे गेलेला असतो: "टाकू नका, मला कळवा." मग कॉलेजची दोन पोरं शिडी, पटाशी आणि ओलं पोतं घेऊन जातात, मूळ न तुटता रोप सोडवतात आणि वर्षभर पिशवीत जगवतात. मालकाची भिंत वाचते, झाड वाचतं. मला ही पद्धत फार आवडते, त्यात कुणीच हरत नाही.

आणि ती रोपं लावलीत तीसुद्धा विचार करून, घरांपासून लांब, उताराच्या बाजूला. वडाची मुळं उद्या कुणाच्या पाण्याच्या टाकीत शिरली तर वडाचंच नाव खराब होणार, हे तुमचं म्हणणं. उंबराला पहिली फळं धरली त्या वर्षी हरियाल आले. वटपौर्णिमेला मंडईतून तोडलेल्या फांद्या विकत आणणाऱ्या आम्ही बायका आता त्या बाळवडाला सूत गुंडाळतो. सैलसर, काकू बघत असतात.

सागरेश्वरची सहल तुम्ही काढलीत तेव्हा नुसती सहल असेल असं वाटलं होतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि गावकऱ्यांच्या कष्टातून उभं राहिलेलं आणि 1985 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं ते रान आपण पाहिलं, हरणं पाहिली. परतीच्या गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "आपला तुकडा लहान आहे, पण उन्हाळा तोच आहे." त्या उन्हाळ्यात रोपांशेजारी मडकी पुरायला पूर्वी कधीच न आलेली माणसं आली. मीही तेव्हाच आले. चैत्र-वैशाखात कॅन भरून वर न्यायचे आणि मडक्यात ओतायचे, हे काम फोटोत अजिबात चांगलं दिसत नाही, म्हणून बहुधा तिथे गर्दी नसते. जी आठ-दहा जण असता ती तुम्हीच.

आणि फाल्गुनातल्या त्या रात्री डोंगराला वणवा लागला होता तेव्हा आपल्या कुंपणापर्यंत येऊन तो थांबला, कारण तुम्ही सगळ्यांनी डिसेंबरातच पलीकडच्या कडेचं गवत कापून मोकळा पट्टा केला होता. जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असं म्हणणाऱ्यांशी तुम्ही वर्षानुवर्षं वाद घालताय. त्या रात्री ते बादल्या घेऊन तुमच्या शेजारी उभे होते. त्याबद्दल त्यांचेही आभार, याच पत्रात.

पुढच्या महिन्याच्या सभेत पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा आहे असं ऐकते. सासूबाई आणि मी दोघीही येतोय. तुम्ही "बघू की" म्हणा, पुढचं आम्ही बोलतो.

तुमची,
शाहूनगरातली एक शेजारीण

ता. क. मागच्या रविवारी दोन घमेली फुटली म्हणालात. आमच्या बांधकामातली तीन पडून आहेत, एकाचा कान तुटलाय. तिन्ही घेऊन येते.